आमची वाटचाल : मोल्ड आमचा, यंत्र दुसऱ्याचे

ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह बनवण्याचा आमचा व्यवसाय नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका भाड्याच्या गाळ्यात सुरू झाला. मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून नग बनवण्याचे, यंत्र घेण्याइतके भांडवल नव्हते. म्हणून कर्ज काढून मोल्ड, म्हणजे साचा, आम्ही बनवून घेतला, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा दाणा आम्हीच पुरवला आणि उत्पादन जवळच्या एका कारखान्याकडे जॉबवर्कवर, म्हणजे मजुरीवर, दिले. ओळखीतला व्यवहार होता. नगाचा दर तोंडी ठरला, आणि करारनाम्याचा विषय काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आम्हाला तेव्हा मनापासून वाटत होते.

पहिल्याच उन्हाळ्यात व्हॉल्व्ह चिरत असल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांकडून आल्या. रनर (साच्यात प्लास्टिक नेणाऱ्या वाटांत घट्ट झालेले उरलेले तुकडे) आणि नापास नग दळून आमच्या ताज्या दाण्यात मिसळले जात होते, आणि काळ्या रंगामुळे ते नजरेला कळत नव्हते. दळलेला माल किती चालेल हे कुठेच लिहिलेले नसल्याने जाब तरी कशाच्या आधारावर विचारणार? मोल्ड परत मागितला, तेव्हा जुन्या बाकीचे कारण सांगून तो अडवून ठेवण्यात आला आणि आमचा संपूर्ण हंगाम वाया गेला.

नव्या कारखान्याशी करारनामा करताना वकिलांनी समजावले की, १८७२ च्या करार कायद्यानुसार ज्या वस्तूवर कारागिराने कौशल्य खर्चून काम केले, ती मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा त्याला हक्क असतो. मात्र करारात वेगळे ठरले असेल, तर तो हक्क राहत नाही. त्यामुळे कोणत्याही कारणाने मोल्ड अडवता येणार नाही, हे कलम आम्ही सर्वांत आधी घातले आणि मोल्डच्या पोलादावर आमचे नाव व क्रमांक कोरून घेतला. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आणावा लागतो, पण मोल्ड आणि डायला ती मुदत नाही. म्हणूनच त्यांची नोंद विस्मरणात जाते, असा आमचा अनुभव आहे.

देयकाची मुदत ४५ दिवसांची ठेवली. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने लेखी करारातही त्याहून जास्त मुदत ठेवता येत नाही, आणि मोल्ड अडवण्याचा मार्ग बंद केल्यावर समोरच्याचे पैसे वेळेवर देणे आमचेही कर्तव्यच होते.

आता दर शनिवारी दिलेला दाणा, आलेले नग आणि रनर यांच्या वजनाचा मेळ दोघांच्या सहीने वहीत उतरतो, आणि दोघांनी सही केलेला मंजूर नमुना यंत्राशेजारी टांगलेला असतो.