चिडचिडीच्या आधीचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचा खाडा असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते आणि गेली काही वर्षे एका कोपऱ्यात माझी बारीक अक्षरेही असतात. रात्रीची झोप पुरी झाली तर ‘झो’, चालणे झाले तर ‘चा’ आणि कोणाशी तरी कामाव्यतिरिक्त मोकळेपणाने बोलणे झाले तर ‘बो’. ‘चा’ म्हणजे चहाच असणार, ही घरातली ठरलेली थट्टा आहे.

या अक्षरांचा उपयोग मला संध्याकाळी होतो. मुलाने दप्तर सोफ्यावर टाकले किंवा सासूबाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, एवढ्यावरून डोके तापले, तर आपला स्वभाव बिघडला की नोकरीचा वीट आला याचा खल करण्यापूर्वी मी आधीच्या चार-पाच चौकोनांवर नजर टाकते. बहुतेक वेळा तिथे अक्षरे गळालेली असतात. मनाचे दुखणे मनातच शोधले पाहिजे असे नाही. निदान पहिली तपासणी शरीराची करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

झोपेला मी सर्वांत वरचे स्थान देते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पण ती कमी पडली की दुसऱ्या दिवशी नावडत्या गोष्टींचा मेंदूवर नेहमीपेक्षा अधिक तीव्र परिणाम होतो, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पुण्यात गल्लोगल्ली अमृततुल्य असल्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा टाळणे कठीण जाते. शरीरातील कॅफिनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन अकराला दिवा मालवतानाही अंगात असते. म्हणून माझा शेवटचा चहा चारचा. सासूबाई मात्र सात वाजता कपभर चहा घेऊन दहाला गाढ झोपतात, कारण कॅफिनचा निचरा करण्याची शक्ती माणसागणिक वेगळी असते. माझा नियम त्यांच्यावर लादण्याचे मला काहीच कारण नाही.

खाण्याच्या बाबतीत मी डाएटच्या नावाखाली चालणाऱ्या बहुतेक गोष्टींपासून दूर राहते. पण एक गोष्ट पुणेकरांनी तरी दुर्लक्षू नये, आणि ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ६७ टक्के जणांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे कमतरता वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, आणि जेव्हा ती जाणवू लागते तेव्हा थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासपणा अशा रूपांत येते, ज्यांचे खापर आपण सहज वयावर किंवा कामाच्या ताणावर फोडतो. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते घटू शकते. रक्ताच्या एका साध्या तपासणीत उलगडा होतो. मात्र गोळ्या किंवा इंजेक्शने डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

घरातल्या बायकांसाठी आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्यावर भागवायचे आणि त्यावर लगेच चहा घ्यायचा, ही आमच्या पिढीपर्यंत चालत आलेली रीत या आकड्याला हातभारच लावते, कारण चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, वरणभातावर लिंबू पिळावे आणि मुख्य म्हणजे सर्वांबरोबर पानावर बसावे. आमच्याकडे पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या जातात; तव्यावरची गरम पोळी कोणालाच मिळत नाही आणि त्याबद्दल अजून कोणी मोर्चा काढलेला नाही.

चालण्याविषयी मी थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. सहकारनगरात राहत असल्यामुळे मला तळजाईची वाट जवळ आहे, आणि स्नायूंना जरा ताण हवा असला की पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा हट्ट मात्र मला पटत नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकामुळे रूढ झाला. त्याहून कमी पावलांनीही प्रकृतीला फायदा होतो. पावसाळ्यात टेकडी निसरडी झाली की मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारते.

सर्वांत जास्त गळते ते ‘बो’. दिवसभर माणसांत असूनही आपण बोलतो ते पाणी आले का, फी भरली का, गाडीत पेट्रोल आहे का, एवढेच. सांगलीच्या मैत्रिणीला मी मटार सोलताना फोन करते, कारण हात गुंतलेले असले की संभाषण आवरण्याची घाई होत नाही. आम्ही एकमेकींना सल्ले देत नाही. ऐकून घेतो, क्वचित एखाद्या नातेवाइकाची यथेच्छ निंदा करतो आणि हलक्या होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये माणसांच्या एकटेपणावर स्वतंत्र आयोग नेमला, तेव्हा आमच्या या उद्योगाला प्रतिष्ठा मिळाल्याचे समाधान आम्ही दोघींनी मानून घेतले.

अर्थात सगळेच काही झोपेने आणि लिंबाने बरे होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटत असेल, आवडीच्या कामातही मन लागत नसेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर माझ्यासारख्या हौशी हिशेबनिसाचे ऐकत न बसता डॉक्टरांकडे जावे, आणि शेवटच्या लक्षणात तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. गुडघ्याच्या चांगल्या डॉक्टरांचे नाव कट्ट्यावर चारचौघांत विचारणारी माणसे मनोविकारतज्ज्ञांचे नाव मात्र ‘एका ओळखीच्यांसाठी हवे होते’ म्हणून विचारतात. मी नाव, पत्ता आणि वेळ तिन्ही सांगते. ओळखीचे कोण, हे विचारत नाही.