किनेटोस्कोपमधील कंटोर्शनिस्ट : चित्रफितींच्या वेगाचा अभ्यास

आरंभीच्या मूकपटांत अंग वाकवण्याच्या अचाट कसरती करून दाखवणाऱ्या रंगमंचीय कलावंतांचा, म्हणजे कंटोर्शनिस्टांचा, जो अभ्यास मी हाती घेतला आहे, त्यात गेले काही आठवडे एकाच प्रश्नावर काम केले. या चित्रफिती नेमक्या कोणत्या वेगाने पाहाव्यात, हा तो प्रश्न. कलावंताच्या कौशल्याविषयीचे आपले मत त्याच्या उत्तराने बदलू शकते, म्हणून त्याला एवढा वेळ द्यावासा वाटला.

आधारासाठी लुइस मार्टिनेटी याची फीत घेतली आहे. एडिसनच्या वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी येथील ‘ब्लॅक मारिया’ स्टुडिओत ती ११ ऑक्टोबर १८९४ रोजी चित्रित झाली. टांगलेल्या दोन कड्यांच्या आधाराने मार्टिनेटी शरीर पिळतो, मुडपतो, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. काळ्या डांबरी कागदाने मढवलेल्या या स्टुडिओचे छप्पर उघडता येत असे आणि ऊन मिळावे म्हणून सबंध इमारतच फिरवता येत असे. काळ्या पार्श्वभूमीवर उन्हात उजळलेल्या देहाची बाह्यरेषा फार स्पष्ट उमटते. कंटोर्शनला धावण्यासाठी जागा लागत नाही, शब्दही लागत नाहीत. त्यामुळे या कॅमेऱ्याला इतका सोयीचा दुसरा रंगमंचीय प्रकार क्वचितच असेल, असे माझे मत होत चालले आहे.

आता वेगाविषयी. किनेटोस्कोपची, म्हणजे एका वेळी एकाच प्रेक्षकाने आत डोकावून पाहायच्या एडिसनच्या यंत्राची, फीत साधारण ५० फुटांची असे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) धरल्या, तर एकूण ८०० चौकटी होतात. एडिसनचे सहकारी डिक्सन आणि हाइझ यांनी त्या काळी अनेक फिती सेकंदाला सुमारे ४० चौकटी या गतीने घेतल्या. त्या हिशेबाने पूर्ण लांबीची फीत २० सेकंदांत संपते. तीच २४ चौकटींच्या गतीने दाखवली तर सुमारे ३३ सेकंद चालते आणि १६ च्या गतीने तब्बल ५० सेकंद. मूकपटातील माणसे तुरुतुरु चालतात हा सर्वत्र रुजलेला समज येथे साफ उलटा पडतो, कारण या फिती चुकीच्या वेगाने पाहिल्या की संथ भासतात. संथ गतीत प्रत्येक ताण दीर्घकाळ पेलल्यासारखा वाटतो, एका आसनातून दुसऱ्यात जाताना घेतलेला झोक मात्र दिसेनासा होतो. म्हणून शरीराचा भार मोकळेपणी खाली येतो अशा जागा मी आधी शोधतो. गुरुत्वाकर्षणाची गती कलावंताच्या हातात नसल्याने वेग ठरवायला तो पुरावा सर्वांत भरवशाचा आहे.

या फितींना चित्रपटाच्या इतिहासात कडेचे स्थान देणे मला मुळीच पटत नाही. १४ एप्रिल १८९४ रोजी हॉलंड बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये, ११५५ ब्रॉडवे येथे, दहा किनेटोस्कोप मांडून व्यावसायिक प्रदर्शन सुरू केले. त्या दहा फितींपैकी दोन एना बर्टोल्डी हिच्या कंटोर्शनच्या होत्या : एकीत मेजावरची कसरत, तर दुसरीत तोंडाने आधार पकडून तोललेले शरीर. पाच यंत्रांत डोकावण्यासाठी प्रेक्षक २५ सेंट देत. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएसने १९०१ मध्ये ‘दिस्लोकास्याँ मिस्तेरिएज’ या चित्रपटात पात्राचे हातपाय धडापासून सुटे करून दाखवले, ती युक्ती सुरेख आहेच. परंतु बर्टोल्डी आणि मार्टिनेटी यांचे काम त्यांच्या स्वतःच्या सांध्यांनी आणि स्नायूंनी केलेले आहे, हा फरक मला मोलाचा वाटतो.

यापुढे अमेरिकन म्युटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीने १९०५ मध्ये चित्रित केलेल्या लॅटिना या कंटोर्शनिस्टची फीत घेणार आहे. तोपर्यंत सेकंदाला ४० चौकटींची पद्धत मागे पडली होती, त्यामुळे मार्टिनेटीसाठी धरलेला वेग तिला लावता येणार नाही आणि भार खाली येण्याच्या जागांवरून तिची गती स्वतंत्रपणे ठरवावी लागेल.