‘कौल’मध्ये सापडलेले अक्षर

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला संस्कृत किंवा पालीप्रमाणे अरबीही घेता येते, पण ती घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला बहुधा घोकंपट्टीच येते. कुर्ल्यातील माझ्या नववीच्या वर्गाकडून मीही सुरुवातीची दोन वर्षे भूतकाळाच्या चौदा रूपांची गर्दान (क्रियापद चालवून दाखवणारी यादी) पाठ करून घेतली. मुले ती न अडखळता म्हणत. मात्र अनोळखी क्रियापद समोर आले की वर्ग गप्प होई, आणि त्यात मुलांची काहीच चूक नव्हती.

आता मी नियमाऐवजी कोडे देते. शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘तहसीलदार’ असतो, सरकारी पाटीवर ‘महसूल विभाग’ असतो आणि घरी आजी ‘रडून काय हशील?’ असे विचारते. या तिन्हींत समान काय, एवढेच मी फळ्यावर लिहिते. स्वर बाजूला काढत मुले ह-स-ल या तीन व्यंजनांपाशी पोहोचतात आणि अरबी शब्दांचा गाभा बहुतेक वेळा तीन अक्षरी असतो, हे त्यांना आपसूक उमगते. मग तीन रिकामे चौकोन काढून आधी ‘म’ आणि दुसऱ्यानंतर ‘ऊ’ ठेवला आणि चौकोनांत ‘पाहणे’ या अर्थाची न-झ-र ही अक्षरे भरली, की ‘महसूल’च्याच साच्यातून ‘मंजूर’ निघतो, म्हणजे मूळ अर्थाने ‘पाहिलेले’. कोर्टातला ‘नाझर’ हा मुळात ‘पाहणारा’, हे एका मुलाने स्वतःच जुळवले.

खरी कसोटी लागली ती ‘क़ाल’पाशी, म्हणजे ‘तो म्हणाला’. येथे क़ाफ (क़) आणि लाम (ल) ही अरबी अक्षरे दिसतात, मधला अलिफ (आ) मात्र मूळचा नव्हे. मग तिसरे अक्षर कोणते? जवळजवळ अर्धा तास कोणालाच सुचेना, आणि उत्तर सांगून टाकण्याचा मोह मी कष्टाने आवरला. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली: “टीचर, निवडणुकीत म्हणतात तो जनतेचा कौल?” तिने फळ्यावर अरबी अक्षरांत ‘क़ौल’ लिहिले, तेव्हा क़ाफ आणि लाम यांच्या मधोमध वाव (व, ऊ, औ यांसाठीचे अक्षर) उभा होता. ‘यक़ूलु’ म्हणजे ‘तो म्हणतो’ हे रूप लिहून मुलांनी लगेच पडताळा घेतला. तेथेही वाव होता.

दुसऱ्या दिवशी ‘बाअ’, म्हणजे ‘त्याने विकले’, हे क्रियापद दिले. सगळ्यांनी खात्रीने वाव सांगितला आणि सगळेच चुकले. एका मुलाने घराच्या व्यवहारात वडिलांनी दिलेला ‘बयाणा’ आठवून तो अक्षरे सुटी करत लिहिला, आणि त्यात ‘या’ (य) हे अक्षर निघाले.