कुजलेल्या मण्यांची ऐट

द्राक्षांच्या तासात, म्हणजे ओळीत, शिरले आणि पाऊल अडखळलं. समोरच्या घडावर राखाडी बुरशी. मणी सुरकुतलेले, तपकिरी. काहींची तर नुसती सालं लोंबत होती. निफाडला आमच्या बागेत असा एक घड जरी दिसला असता, तरी अण्णांनी रात्रीच ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला असता. इथे गाइडबाई त्या घडापाशी थांबल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "यंदा छान आली आहे!"

आली आहे म्हणजे बुरशी.

हा शातो दीकेम या गोड वाइनचा मळा. फ्रान्समध्ये, बोर्दोपासून साधारण ४० किलोमीटरवर, सोतेर्नच्या टेकडीवर. १८५५ साली या भागातल्या वाइनची प्रतवारी लावली, तेव्हा एकट्या या मळ्याला सगळ्यांच्या वरचा वेगळा दर्जा दिला. तो आजही आहे.

बुरशीचं नाव बोट्रायटिस. आपल्याकडे तिच्यावर औषधं मारतात, इथे तिला 'पुरित्यूर नोब्ल' म्हणतात. खानदानी कूज म्हणा! सिरों ही छोटी, थंड नदी गारोनच्या कोमट पाण्याला मिळते, त्यामुळे हिवाळ्याआधी रोज पहाटे धुकं दाटतं आणि बुरशी धरते. दुपारी ऊन-वारा लागला की सालीच्या बारीक भोकांतून पाणी उडतं आणि साखर आत घट्ट होते. ऊन पडलंच नाही, पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी साधी कूज होते आणि माल मातीत. खानदान शेवटी दुपारच्या उन्हावर.

तोडणीचं ऐकून तर मी हसलेच. बाग एकदा तोडून मोकळे होत नाहीत. तेच मजूर त्याच झाडापाशी पाच-सहा वेळा येतात आणि नीट कुजलेले तेवढेच मणी काढतात. आमच्याकडे थिनिंगला बायका कात्रीने मणी विरळ करतात, तितकंच निगुतीचं काम. फरक एवढाच, की आम्ही खराब मणी बांधावर टाकतो आणि हे खराब मणीच घरी नेतात. मग तीन-चार वेळा दाबणी, आणि शेवटच्या दाबणीचा रस सगळ्यात गोड. तो नव्या ओकच्या पिंपात आंबतो, तिथेच मुरतो. एवढं करून हिशोब काय, तर एका झाडामागे एक ग्लास. आमच्याकडे झाडाला दहा-बारा किलो माल निघाला नाही तर अण्णांना जेवण जात नाही.

ठिबकच्या नळ्या शोधत होते, कुठे दिसल्या नाहीत. पाइप आहेत, पण जमिनीखाली, मातीत साचणारं पाणी बाहेर काढायला. एकोणिसाव्या शतकात टाकलेले, जवळजवळ १०० किलोमीटर! आमचा सगळा जन्म पाणी आणण्यात गेला.

मग निघाला २०१२ चा विषय. त्या वर्षी माल मनासारखा आला नाही, म्हणून या नावाची वाइन केलीच नाही. १९९२ लाही नाही, १९७४ ला नाही, १९७२ लाही नाही. सगळे "वा" म्हणाले. मला मात्र राग आला. वर्ष सोडून द्यायला ऐपत लागते हो. आज मळ्याचा मालक एलव्हीएमएच हा चैनीच्या वस्तूंचा फ्रेंच समूह, ज्याची वाइनरी आपल्या दिंडोरीतही आहे. अवकाळीत मणी तडकले तेव्हा अण्णांनीही अख्खा प्लॉट सोडून दिला होता. त्याला कोणी गुणवत्तेची निष्ठा म्हटलं नाही. तलाठी आले, पंचनामा झाला.

हे तिथे बोलले नाही. शेवटी पेला हातात आला. मध, जर्दाळू, आणि मागून किंचित आंबटपणा. खोटं कशाला सांगू, डोळे मिटले गेले. (दुधात भिजवलेला घरचा बेदाणाही काही कमी नसतो, पण ते असो.)

संध्याकाळी घडाचा फोटो अण्णांना पाठवला. तिकडे गोडी छाटणीची घाई, तरी पाच मिनिटांत व्हॉइस मेसेज आला: "पोरी, कुणाची बाग आहे? धुकं पडत असेल, घडात हवा खेळत नाही. पानं विरळ करायला सांग त्यांना. आणि उद्या सकाळीच फवारा घ्या म्हणावं, अजून निम्मा माल वाचेल."