सहल सुरू होण्याआधीचं नाशिक

आमची ज्योतिर्लिंगांची सहल नाशिकहून निघणार होती. त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, भीमाशंकर, सोबत गाइड. छापील कार्यक्रमात खुद्द नाशिकच्या वाट्याला एकच सकाळ आली होती, तीही रामकुंड, काळाराम आणि सीतागुंफेत संपणारी. म्हणून आई आणि मी नागपूरहून काही दिवस आधीच आलो. आता कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की सहल जिथून सुरू होते ते गाव आधी आपल्या चालीने बघून घ्या.

खोली रविवार कारंजाजवळ घेतली, कारण तिथून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पायी जाता येतं. पहिल्या संध्याकाळी घाटावर दुतोंड्या मारुती पाहिला. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कुठवर आलं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. पलीकडे नारोशंकराचं देऊळ आणि त्याची ती मोठी घंटा. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा नाशिकच्या बोलण्यात अजून वाजते.

सहलीच्या कार्यक्रमात पांडवलेणी नव्हतीच, आणि मला सगळ्यात जास्त ओढ त्यांचीच होती. रिक्षावाले दादा म्हणाले, "मावशी, पायऱ्या बऱ्याच आहेत हां, सावकाश चढा." आई थांबत थांबत चढली. घाई करणारं कुणी नव्हतं.

डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. लेणी चोवीस, नाव पांडवांचं असलं तरी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. तिसऱ्या लेण्यात व्हरांड्याचा भार खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत आणि गौतमी बलश्रीचा शिलालेख. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या या आईने लेकाचा पराक्रम दगडात लिहवून घेतला आहे, आणि लेणं भिक्खूंना दान दिलं आहे. आई त्या ओळींसमोर बराच वेळ उभी होती.

पण खरी रमली ती दहाव्या लेण्यात. हे शक राजा, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं लेणं. ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा आम्हा दोघींनाही वाचता येत नाही, पण लेखाचं भाषांतर मी आधी वाचून आले होते. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्कामी राहणाऱ्या, वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे.

आई सहकारी बँकेतून निवृत्त झालेली. तिने तिथल्या तिथे हिशेब केला. "अगं, वर्षाला बारा टक्के म्हणजे दोनशेचाळीस. वीस जणांना बारा-बारा, म्हणजे बरोब्बर दोनशेचाळीस! काहीच शिल्लक राहत नाही बघ." सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो ठेवीचा व्यवहार असा पै-पैचा जुळला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बसमधून उतरून वीस मिनिटांत परत निघणाऱ्यांना हे कुठून सापडणार?

काळारामाला आम्ही सहलीच्या आधीच जाऊन आलो. काळ्या दगडाचं ते देऊळ सुंदर आहेच, पण मला त्याच्या दारात थांबायचं होतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो काही वर्षं चालू ठेवला. नंतर सहलीत गाइडने रामकथा छान सांगितली, सत्याग्रहाचा मात्र उल्लेख केला नाही. मग आमच्या गटातल्या दोन मुलींना आईनेच ते सगळं सांगितलं.

खाण्याचं थोडक्यात: काळ्या मसाल्याची मिसळ सकाळीच खा, बरोबर पापड आणि दही घ्या. नागपूरच्या तर्रीवर वाढलेल्या आम्हालाही ती आवडली.

त्र्यंबकेश्वर मात्र सहलीवरच सोडा. दर्शनाची रांग, गाडी, परतीची वेळ हे सगळं ते लोक नीट सांभाळतात. आधीचे दिवस शहरासाठी राखा, आणि पांडवलेण्यांना सकाळी लवकर जा. पायऱ्यांवर नंतर ऊन फार लागतं.