गरम पाण्याचं वळण

पोलादपूर सोडून गाडी कशेडी घाटाला लागली की आईचं सुरू व्हायचं, खिडकी उघड, लिंबू हुंग, पुस्तक ठेव खाली. आणि मग ते वळण यायचं. सात-आठ टपऱ्या, मागे कुडाच्या दोन-तीन खोल्या. गाव म्हणावं तर ग्रामपंचायत नाही, स्टॉप म्हणावं तर एसटीचा बोर्ड नाही. आम्ही घरात त्याला गरम पाण्याचं वळण म्हणायचो, कारण तिथे येईपर्यंत निम्म्या गाड्या तापलेल्या असायच्या. डोंगरातला झरा पोफळीच्या पन्हळीतून एका ड्रममध्ये पडायचा आणि ती अख्खी वस्ती त्या ड्रमाभोवती उभी होती असं मला आजही वाटतं. ड्रायव्हर ओलं गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण हळूच फिरवायचा, आम्ही पोरं लांब उभी, फस्सकन वाफ आली की टाळ्या! गाडी निवेपर्यंत अर्धा तास, तेवढ्यात टपरीवाल्या काकीची कांदाभजी, चहा, मे महिना असेल तर पानाच्या द्रोणात करवंदं. उलटी झालेल्या पोराला काकी आलेपाकाची वडी फुकट द्यायची, मी एकदा खोटंच उलटी झाली सांगून घेतलीय.

1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा सगळे म्हणाले घाट संपला. काकी म्हणाली, ट्रक काय रेल्वेत बसणारेत? तर पुढच्याच वर्षी रो-रो आली आणि ट्रक खरंच रेल्वेवर बसले, तरी टपऱ्या टिकल्या. मला वाटतं त्यांना खरं मारलं ते नव्या गाड्यांनी, ज्या तापतच नाहीत. मुंबई-गोवा हायवेचा नंबर 17 चा 66 झाला, 2023 च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू उघडली, जेमतेम 2 किलोमीटर, लिंबू पिशवीतून काढेपर्यंत पलीकडे खेड तालुका.

परवा मुद्दाम जुन्या घाटाने गेलो. बायको म्हणाली, पेट्रोल काय फुकट आलंय का. वळण सापडायलाच वेळ लागला, रान माजलंय, चुलीचे तीन दगड तेवढे दिसले, काळे. ड्रम नाही, पन्हळ नाही, झऱ्याचं पाणी आपलं रस्त्यावरून वाहत पलीकडच्या दरीत जातंय.

गाडीच्या तापमानाचा काटा मधोमधच होता. तरी मी बॉनेट उघडलं आणि कठड्यावर जाऊन बसलो, बायकोने गाडीतून विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, निवू दे जरा.