अंगणातल्या कुत्र्यालाही लस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "आमचा कुत्रा फाटकाबाहेर जातच नाही, मग रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी कशाला?" नवं पिल्लू आणलेलं माणूस हे हमखास विचारतं, आणि मी दरवेळी आमच्या राजाची 2023 ची गोष्ट सांगते.

राजाला आम्ही खंडेनवमीला लस टोचून आणायचो. कोयते, खुरपी, स्कूटर यांची पूजा झाली की राजाला दवाखान्यात न्यायचं, हा आमच्या मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा पायंडा. 2022 मध्ये खंडेनवमी 4 ऑक्टोबरला होती. डॉक्टरांनी लसीकरणाच्या पुस्तकात पुढची तारीख लिहिली, 4 ऑक्टोबर 2023. पण त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि खंडेनवमी 23 ऑक्टोबरवर गेली. आम्ही तिथीची वाट पाहत राहिलो. पुस्तक कपाटात होतं, कुणी उघडून पाहिलं नाही.

17 तारखेला, तिसऱ्या माळेला, फाटकाच्या फटीतून एक अनोळखी कुत्रा आत आला. मागचे पाय लटपटत होते, जबड्यातून लाळ गळत होती. राजा बाहेर गेला नव्हता. रेबीज फाटकातून आत आला होता. त्या कुत्र्याने राजाचा कान फाडला. मामा सोडवायला धावले. सकाळीच कोयत्याने त्यांच्या मनगटाला खरचटलं होतं, त्या ताज्या जखमेवर त्याची लाळ उडाली. तो कुत्रा दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला मेलेला सापडला.

शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या. मी मामांचा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने धुतला. हळद, चुना, तिखट यातलं काही लावायचं नाही, हे मला नक्की माहीत होतं. हा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि नसांच्याच वाटेने मेंदूकडे सरकतो. तो तिथे पोहोचून लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जे करायचं ते त्याआधी. राजाचा कान मेंदूच्या किती जवळ आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं.

डॉक्टरांनी राजाला त्याच दिवशी बूस्टर दिला. तारीख 13 दिवस उलटली म्हणजे संरक्षण संपलंच असं नाही, पण छातीठोकपणे सांगताही येत नाही, असं ते म्हणाले. त्यामुळे दीड महिना राजा वेगळा, साखळीला. माझी सहा वर्षांची मुलगी लांबूनच त्याच्याशी बोलायची. तारीख पाळली असती तर निदान मनातली धास्ती तरी टळली असती.

म्हणून नव्या लोकांना मी सांगते: पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आणि त्यानंतर दरवर्षी. काही लसींची मुदत तीन वर्षांची असते, तरी आपल्याकडे बहुतेक डॉक्टर दरवर्षीच देतात, आणि रस्त्यावर रोग असताना मला ते पटतं. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो. राजाला टोचलेली सुई माझ्या मुलीसाठीही असते. गोव्यात 2014 पासून भटक्या कुत्र्यांनाही जाळ्यात धरून लस देत गेले. 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं, तेव्हा तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नव्हती. दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. त्या सत्तरांत आपला एक तरी असावा.

मामांना सरकारी दवाखान्यात जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं, दिलं आणि लस सुरू झाली: 17 तारखेला, तो शून्य दिवस धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सातवा दिवस दसऱ्याचा निघाला. मामा खिशात आपट्याची पानं घेऊन गेले आणि इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरांना सोनं देऊन आले. चौथं इंजेक्शन दिवाळी पाडव्याला झालं. मामा ठणठणीत आहेत, राजाही. त्याची तारीख आता 17 ऑक्टोबर, आणि ती मी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिते.